स्वार्थाचा सिद्धांत आणि आमची इर्जिक

वयाच्या विसाव्या वर्षी मला मनुष्यस्वभाव संपूर्ण समजलेला होता. समजल्यावर तो स्वतःपाशी ठेवणे मला प्रशस्त वाटले नाही. मी तो लिहून काढला आणि सांगलीच्या आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात छापून आणला.

त्यापूर्वीही दोनदा मी या विषयास हात घातला होता. साताऱ्यास हायस्कुलात असताना 'भय' या शीर्षकाचा निबंध लिहिला. मनुष्य देव मानतो तो भयापोटी, लग्न करतो तो भयापोटी आणि शाळेत येतो तोही भयापोटीच, असे त्यात प्रतिपादन होते. मराठीच्या शिक्षकांनी खाली शेरा दिला : 'हस्ताक्षर सुवाच्य.' दुसरा निबंध अहंकारावर होता. तो मी वसतिगृहातील दोघा सोबत्यांना वाचून दाखवला. एक झोपला. दुसरा म्हणाला, यात तुझ्याविषयी बरीच माहिती आली आहे. या दोन्ही लेखांची प्रत आज उपलब्ध नाही. त्याचे दुःख करणारा जगात मी एकटाच उरतो, म्हणून करीत नाही.

तिसरा निबंध मात्र पक्का होता. शीर्षक, 'परोपकाराची चिकित्सा'. त्याला आधार एका इंग्रजी ग्रंथाचा होता. ग्रंथ दोन खंडांचा. पहिला खंड मी वाचला. दुसरा एका प्राध्यापकांनी घरी नेला होता आणि ते तो परत करीत नव्हते. मनुष्य पूर्णतः स्वार्थी आहे, इथवर पहिला खंड येतो. दुसऱ्यात ग्रंथकाराने काय म्हटले होते ते मला पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते आणि त्यावाचून माझे काही अडलेही नाही. मनुष्य जे जे करतो ते स्वतःच्या सुखासाठी करतो. देणारा देतो तेही काही घेण्यासाठीच. असा माझा सिद्धांत होता. सिद्धांताला उदाहरण लागते. मी माझ्या गावचे दिले.

आमच्याकडे इर्जिक घालतात. ज्याचे शेत अडते तो गावात सांगावा धाडतो. ठरल्या सकाळी ज्याला जमेल तो आपले बैल आणि अवजारे घेऊन त्याच्या रानात उतरतो आणि आठवड्याचे काम दुपारपर्यंत उरकते. मजुरी कोणी घेत नाही. शेतधन्याने सर्वांना मटणाचे जेवण घालायचे, इतकेच. पण हे जेवण चुकवून चालत नाही. ज्याच्या रानात काम केले त्याच्या घरचा घास घेतला म्हणजे तो बरोबरीचा ठरला. उद्या तो तुमच्या रानात येईल. काम करून न जेवता निघून गेले, तर ते काम निराधाराला घातलेली भीक ठरते. त्या घराला पुढे कोणी इर्जिकीचा सांगावा धाडीत नाही, आणि त्या घराने धाडू नये असे समजले जाते.

हे सर्व मला ठाऊक होते. निबंधात मी यातील सोयीचे तेवढे घेतले. 'आमच्या गावचे लोक इर्जिकीस धावून जातात,' असे मी लिहिले, 'आणि त्यास शेजारधर्म म्हणतात. वस्तुतः त्यांचे पाय शेताकडे वळतात ते रश्श्याच्या वासाने. एकवार मटणाऐवजी आमटी ठेवून पाहावे. शेजारधर्म किती उरतो ते कळून येईल.'

हे लिहिताना मला धोका दिसला नाही. सांगली हे संस्थान. आमचे गाव पलूसच्या अलीकडे, म्हणजे त्या काळी इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. एका राज्यात छापलेले दुसऱ्या राज्यात कोणी वाचील, हे माझ्या हिशेबात नव्हते.

हिशेब चुकला तो धाकट्या चुलत्यांमुळे. चुलते फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीवर आले होते. छापलेले काहीही ते मोठ्याने वाचीत. दुसरे महायुद्ध चालू होते. रोज सायंकाळी चावडीवर ते वर्तमानपत्र वाचून दाखवीत आणि घरोघरचे मुलगे पलटणीत असल्याने ऐकणारे पुष्कळ असत. ते व्यापाऱ्याकडे हळद घालायला सांगलीस आले तेव्हा अंकाची एक प्रत मी त्यांना दिली. का दिली, याचे उत्तर माझ्या दुसऱ्या निबंधात आहे.

चुलत्यांनी तो निबंध चावडीवर युद्धाच्या बातमीच्या सुरात वाचला. एकदा वाचून भागले नाही. लोक पुन्हा मागू लागले. इर्जिकीचा परिच्छेद काहींचा पाठ झाला. काही दिवस आफ्रिकेतील लढाई मागे पडली, असे मला नंतर कळले.

दसऱ्याच्या सुट्टीत मी गावी गेलो तेव्हा यांतील काहीच मला माहीत नव्हते. वेशीपाशी लोकांनी वाजवीपेक्षा अधिक आदराने रामराम केला. मळ्याच्या बांधावर एक गृहस्थ भाकरी खात बसले होते. मला पाहताच त्यांनी भाकरी धोतराच्या सोग्याखाली झाकली आणि म्हणाले, "भूक लागल्याली म्हणून खातुया, पंडित. लिवू नगा."

घरी परिस्थिती बरी नव्हती. जोडीतला एक बैल भाद्रपदात दगावला होता. वडिलांच्या पायावर जू पडून पाऊल सुजले होते. थोरला भाऊ पलटणीबरोबर समुद्रापलीकडे होता. परतीचा पाऊस लांबल्याने नदीकाठचे रान तणाने भरले होते, आणि आता उघडीप पडून जमिनीला वाफसा आला होता. हा ओलावा टिकतो तोवरच शाळू पेरावा लागतो. वाळली की बी रुजत नाही, आणि धान्य मोजूनमापून मिळण्याच्या त्या काळात वर्षाची भाकरी त्या एका रानावर होती. वडिलांनी इर्जिकीचा सांगावा धाडला होता. येतो म्हणून सगळ्यांनी सांगितलेही होते.

वडील सोप्यात पाय पसरून बसले होते. ते अल्पभाषी होते. तो एक गुण मला त्यांच्याकडून मिळाला. त्यांनी माझी खुशाली विचारली नाही. म्हणाले, "ते आमटीचं तू लिवलंस?"

मी होय म्हणालो.

"मग उद्या काय करायचं? बकरं का आमटी?"

त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. त्यामुळे हा प्रश्न आहे की शिक्षा, हे मला ठरवता आले नाही. मग त्यांनी पायाकडे पाहत सांगितले की आता आपण एका बैलाचे धनी; यापुढे आपली शेती गावाच्या आधाराने चालायची; उद्या लोक आले, पेरले आणि आपल्या पंक्तीला जेवून गेले म्हणजे सारे निभले. जेवून गेले, हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले.

पहाटे बकरे कापायला मुलाणी आला. कापणे त्याचे आणि त्याबद्दल ठरलेला वाटा त्याचा, ही पिढ्यांची चाल. त्याने काम नीट उरकले, हात धुतले आणि निघाला. आईने त्याचा वाटा केळीच्या पानावर काढून ठेवला होता. त्याने तो घेतला नाही.

"नगो वैनी," तो म्हणाला. "पोरगं छापंल."

आईने निबंध ऐकला नव्हता. बायका चावडीवर जात नसत. तिने माझ्याकडे पाहिले. मी विहिरीकडे निघून गेलो.

दिवस वर येताच हलगी ऐकू आली. मला वाटले होते कोणी येणार नाही. रात्रभर त्याचीच भीती मनात होती, आणि त्याअर्थी माझा पहिला निबंधही अगदीच टाकाऊ नव्हता. पण सगळे आले. बोलावले त्यांच्याहून अधिक आले. बैलांच्या गळ्यात घुंगूरमाळा होत्या, शिंगांना गोंडे होते. सर्वांपुढे तालमीचे वस्ताद. हे गृहस्थ साठी उलटलेले. तरुणपणी आष्ट्याच्या मैदानात कुस्त्या मारलेले. गावातील निम्म्या तरुणांचे कान त्यांनी पिळलेले होते. त्यांच्या मागे चुलते, डोक्याला फौजेतला जुना खाकी फेटा.

तण काढणारे कुळव लागले, त्यांच्यामागे बी पेरणाऱ्या पाभरी लागल्या. पेरणीच्या ओळींचे एवढे सरळ तास मी त्याआधी पाहिले नव्हते. कामाबरोबर गाणे असते, तसे तेही होते. फक्त त्या दिवशी शब्द नवे होते. एकाने वर उचलायचे, 'माणूस भुकेला रश्श्याला', आणि साऱ्या रानाने खालून उत्तर द्यायचे, 'छापून आलंय सांगलीला.' छंदात थोडा दोष होता. तो सांगण्याचा प्रसंग नव्हता.

मला पाणी देण्याचे काम लावले होते. मी घागर घेऊन पहिल्या जोडीपाशी गेलो. औतकरी अत्यंत नम्रपणे नको म्हणाला. दुसराही नको म्हणाला. ऊन चढले होते, अंगांतून घाम निथळत होता, आणि कोणी घोटभर पाणी घेईना. मी आणलेली घागर भरलेलीच परत नेली. तंबाखूची चंची ठेवली होती, तीही कोणी उघडली नाही. सकाळी आईने गूळ पाठवला होता. तो मुंग्यांनी खाल्ला.

दुपारपूर्वी रान पेरून झाले. बैल सोडले. बांधाकडेच्या चिंचेखाली आईने आणि शेजारणींनी पत्रावळी मांडल्या होत्या. दोन मोठ्या भगुल्यांतून वाफ निघत होती. भाकऱ्यांची चवड माणसाच्या गुडघ्याएवढी होती. मंडळी हातपाय धुऊन आली आणि पत्रावळी ओलांडून पलीकडच्या बांधावर ओळीने बसली. मग प्रत्येकाने कनवटीपाशी बांधलेले, बैलांच्या झुलीखाली ठेवलेले, असे आपापले फडके काढले. प्रत्येक फडक्यात घरची भाकरी होती, वर कांदा आणि चटणी. पाणीही त्यांनी आपापले आणले होते. हे त्यांनी आधी ठरवले होते यात शंका नव्हती, कारण फडकी एकाच वेळी सुटली.

आईच्या हातात पळी होती. ती तशीच राहिली. तिने चुलत्यांना विचारले की भावजी, ही कसली थट्टा. चुलते उभे राहून म्हणाले, "वैनी, मी फौजेतला मानूस. छापल्यालं मोडता येत न्हाई मला."

मग वस्तादांनी मला हाक मारली. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. साऱ्या बांधाने चावणे थांबवले.

त्यांनी सांगितले ते असे. निबंधात म्हटले आहे की आमची माणसे शेतात येतात ती मटणासाठी. म्हणून मटणाला हात न लावता पेरून दाखवले. मटणाच्या जागी आमटी ठेवा असे लिहिले आहे. आम्ही तीही ठेवली नाही, आपली चटणी आणली. आता लिहिणाऱ्यानेच निवाडा द्यावा. निबंध चुकला म्हणावे. मग आम्ही उठतो आणि पानावर बसतो. तो बरोबर असेल तर जेवून आम्ही स्वतःला हलके कशाला करावे?

हे त्यांनी हसू दाबून सांगितले. तरण्या पोरांना ते दाबता आले नाही. पण तेवढ्यात वडील बांधावरून उठले. काठी टेकत ते खुंट्यापाशी गेले आणि आपला एकुलता बैल घरी नेण्यासाठी सोडू लागले. गाठ ओली होती, ती सुटेना, आणि पाय सुजलेला असल्याने त्यांना वाकून बसताही येईना. कोणी मदतीला उठले नाही, कारण उठावे की नाही हे कोणाला कळेना. हसणे थांबले.

थट्टा जिथवर न्यायची ठरवली होती तिच्यापुढे ती गेली होती, हे सर्वांच्या ध्यानात आले असावे. वस्तादांच्याही. पण मागे कसे यावे हे त्यांना सुचेना. शंभर माणसांदेखत मांडलेला डाव. आपण होऊन पानावर बसावे तर हरल्यासारखे होते. कुस्ती मारलेला माणूस तेवढे करू शकत नाही. आणि मी निबंध चुकला म्हणावा, तर तो चुकलेला नव्हता.

मी त्या वेळी वडिलांना वाचवण्यासाठी बोललो, असे आमच्या घरी पुढे सांगत असत. मी ते कधी खोडून काढले नाही. खरे कारण वेगळे. वाद अर्ध्यावर सोडणे मला सहन होत नसे.

मी वस्तादांना विचारले, "सकाळपासून आमचे पाणीसुद्धा प्याला नाहीत. का?"

"तुमाला खोटं पाडाय."

"त्यात सुख वाटले?"

वस्तादांनी प्रामाणिकपणे विचार केला. "लय," ते म्हणाले. "आसली मजा मैदान मारल्यावर बी न्हाई आली."

"म्हणजे मटणाच्या सुखापेक्षा हे सुख मोठे होते. तुम्ही मोठे सुख घेतले आणि लहान सोडले. ते स्वतःसाठीच घेतले. मग माझा सिद्धांत कुठे चुकला?"

मागून कोणीतरी, हे काय म्हणतंय, असे विचारले आणि शेजाऱ्याने त्याला गप्प बसवले. वस्तादांनी हातातली भाकरी फडक्यावर ठेवली. त्यांनी कुस्तीतला नवा पेच पाहावा तसा माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

"म्हंजी जेवलो तरी आमी सवार्थी?"

"होय."

"आन न्हाई जेवलो तरी?"

"तरीही."

"मग गड्या, उपाशी कशापायी ऱ्हायाचं?"

ते उठले. आपल्या फडक्यातली भाकरी त्यांनी जवळच्या बैलाला चारली, आणि चिंचेकडे चालू लागले. त्यांच्यामागे सारा बांध उठला. हसणे पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा मोठे. माझ्या आयुष्यात माझ्या तर्कशास्त्राने भुकेलेल्या माणसांना अन्नाजवळ नेले ते एवढ्या एकाच वेळी. पुढे मी पस्तीस वर्षे तो विषय शिकवला. तसा परिणाम पुन्हा दिसला नाही.

वस्ताद पानावर बसण्याआधी वडिलांकडे गेले. त्यांच्या हातातून दावे घेऊन त्यांनी गाठ पुन्हा आवळली आणि बैल होता तिथेच बांधला. मग वडिलांना काखेत हात घालून आणले आणि पंक्तीत आपल्या शेजारी बसवले. दोघे काही बोलले असतील तर ते मला ऐकू आले नाही. मुलाणीही आला. त्याने आपला सकाळचा वाटा मागून घेतला आणि शिवाय पंक्तीला बसला.

आईने सर्वांना आग्रहाने वाढले. मी शेवटच्या पंक्तीला बसलो. माझ्या पानात रस्सा पडला, भाकरी पडली. मटणाची फोड एकही पडली नाही. भगुले अजून अर्धे होते हे मला दिसत होते. मी आईकडे पाहिले.

"तुझं म्हननं मला समद्यांनी सांगितलं," ती म्हणाली. "म्या पहाटंपासनं चुलीम्होरं बसले ती कशाच्या सुखासाठी, त्येवढं सांग. मंग फोडी घे."

सिद्धांताप्रमाणे उत्तर तयार होते. घराचे नाव व्हावे, लोकांनी रश्श्याला चांगले म्हणावे, हे सुख. मी ते देणार होतो. पण तिचे डोळे धुराने लाल झाले होते, हाताला चटका बसून फोड आला होता, आणि पळी तिच्या उजव्या हातात होती. मी रस्सा-भाकरी खाल्ली. हे मी मत बदलल्याचे लक्षण समजू नये. ती पळी लोखंडी होती.

या प्रकरणी एक गोष्ट अजून बाकी होती. लोक जेवून गेले होते. पण परतीचा सांगावा येतो की नाही, हीच खरी कसोटी होती. वडील त्याची वाट पाहत होते. ते तसे म्हणाले नाहीत. फक्त वेशीच्या बाजूला तोंड करून बसू लागले.

वाफसा टिकून होता तेवढ्यात तो आला. वस्तादांचे ओढ्यापलीकडचे रान पेरायचे होते. निरोप घेऊन चुलते आले : एक बैल, आणि बैलामागे एक माणूस. वडिलांनी मान हलवली आणि कित्येक दिवसांनी पान खाल्ले. माणूस म्हणजे मीच, कारण दुसरा घरात नव्हता.

मी हरकत घेतली. मला दुसऱ्या दिवशी सांगलीस परतायचे होते. औत धरण्याची सवय सुटली होती. शिवाय त्या रानात मला पाहून पुन्हा तेच गाणे सुरू होणार, हे उघड होते. वडिलांनी माझे सर्व ऐकून घेतले आणि ते पान चघळत राहिले. आई चुलीपाशी होती. ती तिथूनच, मागे वळून न पाहता म्हणाली, "वस्तादाच्यातलं मटान लय झाक आसतंय म्हनं. त्येंची मालकीन मसाला घरी कुटती."

मला त्या दिवशीचे फोडींवाचूनचे पान आठवले. मी गेलो.

काम कष्टाचे झाले. वस्तादांनी मला कुळवावर घातले, आणि माझे तास पाहून म्हणाले की पंडिताचे लिहिणे यापेक्षा सरळ आहे. तळहातांना फोड आले. गाणे अर्थातच झाले. मधल्या दिवसांत त्याची दोन कडवी वाढली होती. दुपारी आम्ही पत्रावळींवर बसलो. माझी जागा वस्तादांच्या अगदी समोर होती. भाकरी आली. मग वस्ताद स्वतः भगुले घेऊन आले आणि माझ्या पानातल्या द्रोणात त्यांनी तुरीच्या डाळीची पातळ आमटी ओतली.

मी द्रोणाकडे पाहिले. पंक्तीत सर्वांच्या द्रोणांत आमटीच होती.

वस्ताद कमरेवर हात ठेवून उभे होते. "लिवल्यापरमानं केलंय," ते म्हणाले. "बघा आता, शेजारधरम किती उरला."

मी पंक्तीवरून नजर फिरवली. पंक्त आमच्या शेतातल्याइतकीच मोठी होती. कोणी रुसलेले नव्हते. सगळे भुरके मारीत होते. तरीही शास्त्र म्हणून काही गोष्ट असते. मी वस्तादांना सांगितले की हा प्रयोग सदोष आहे. ही मंडळी मटणाच्या आशेने आली. काम झाल्यावर आमटी दिसली. आमटी आहे हे आधी ठाऊक असते आणि तरी आली असती, तर माझा सिद्धांत डळमळला असता. तसे झालेले नाही.

वस्तादांनी पंक्तीकडे पाहिले. पंक्तीने खाली पाहिले. चुलत्यांचे खांदे हलत होते.

"समद्यास्नी ठावं हुतं," वस्ताद म्हणाले. "सांगाव्यातच सांगितल्यालं. तुमालाच तेवढं न्हवतं."

मग मला चुलीपाशी पाठमोरी बसलेली आई आठवली. निरोप आला तेव्हा वडील सोप्यातच बसले होते, आणि तो चुलत्यांनी त्यांना शब्दशः सांगितला असणार. मी हरकत घेत होतो तेव्हा ते गप्प होते. पान खात होते. साऱ्या गावाने मिळून केलेल्या थट्टेत माझे वडील सामील होते. त्यांना गावाने सामील करून घेतले होते. एका बैलाच्या धन्याला गावात जागा उरली की नाही, या प्रश्नाचे उत्तर याहून स्पष्ट मिळणे शक्य नव्हते.

आणि त्या पंक्तीत मटणाच्या आशेने आलेला मनुष्य एकच होता. तेवढ्यापुरता सिद्धांत सिद्ध झाला, हे मी त्याच जागी मान्य केले. ते कोणाला ऐकू गेले नाही, इतका गोंगाट झाला होता.

ग्रंथाचा दुसरा खंड पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या हाती आला. मी तो काळजीपूर्वक वाचला. काही ठिकाणी ग्रंथकार पहिल्या खंडातील विधानांना मुरड घालतो. त्याची कारणे मला फारशी भक्कम वाटली नाहीत. त्याला कोणी इर्जिकीस बोलावले नसावे.

त्या दुपारी वस्ताद भगुले घेऊन पुन्हा माझ्यापुढे आले आणि वाढू का म्हणून विचारले. मी द्रोण पुढे केला. आमटी चांगली होती. मसाला घरचाच होता.